नदीला उगम नाही, डोंगराला वय नाही: माइनक्राफ्टमधली जमीन तयार होते तरी कशी?

मे महिन्यात नागपुरात सकाळी दहानंतर पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. कूलरसमोर जागा पकडायची, फतकल मारायची आणि ऊन उतरायची वाट पाहायची. अशाच एका दुपारी माझी भाची लॅपटॉपवर माइनक्राफ्ट खेळत होती आणि तिचा अमरावतीचा मावसभाऊ फोनवर होता. ती त्याला म्हणाली, "समोर दोन शेंड्यांचा डोंगर दिसून राहिला का? त्याच्या डाव्या हाताला गाव आहे बघ. विहिरीपाशी ये."

मी विचारलं, "दोघं एकाच खेळात आहात का?"

"नाही मामा. त्याचं जग वेगळं, माझं वेगळं. पण डोंगर तोच आहे."

"मग त्याला तो डोंगर पाठवला कोणी?"

"कोणीच नाही. आम्ही दोघांनी फक्त 'नाग' टाइप केलं."

माझी नोकरी कोळशाच्या शोधासाठी बोअरहोल मारण्यात गेली. कामठी, उमरेड, वणी, सगळीकडे उन्हातान्हात रिग उभी करायची, खालून दगडाचा कोअर काढायचा आणि पेटीत ओळीनं लावून त्याची नोंद करायची. जमिनीत शंभर मीटरवर काय आहे हे सांगायला आम्हाला पंधरा-पंधरा दिवस लागत. इथं दोन अक्षरं टाइप केली की डोंगर, गाव, विहीर आणि जमिनीखालचा कोळसासुद्धा हजर, आणि अमरावतीतही तोच! माझी दुपारची झोप त्या दिवशी गेली ती गेलीच. भाचीला छळून आणि बरंच वाचून जे समजलं ते इथं लिहितो. घरोघरी हा खेळ चालू असतो, आणि 'काय ते ठोकळे' याच्या पुढे आपलं मोठ्यांचं ज्ञान सहसा जात नाही.

खेळाची ओळख थोडक्यात. स्वीडनच्या मोजांग कंपनीचा हा खेळ २००९ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला, पूर्ण स्वरूपात नोव्हेंबर २०११ मध्ये निघाला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कंपनीच २५० कोटी डॉलरला घेतली. २०२३ पर्यंत ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या. त्यातलं सगळं एक-एक मीटरच्या ठोकळ्यांचं असतं: माती, दगड, पाणी, झाडाची पानंसुद्धा. ठोकळे फोडायचे, गोळा करायचे, दुसरीकडे रचायचे.

'नाग'चा आकडा कसा होतो

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला जगभर मान्य असा एक क्रमांक दिलेला आहे. 'न'चा २३४४, कान्याचा २३६६, 'ग'चा २३२७. संगणकावर चालणाऱ्या जावा आवृत्तीत शब्दाचा आकडा करायची रीत तिसरीच्या पोराला जमेल अशी आहे: आतापर्यंतच्या बेरजेला ३१ नं गुणायचं आणि पुढचं अक्षर मिळवायचं.

२३४४ गुणिले ३१ म्हणजे ७२,६६४. त्यात काना मिळवला, ७५,०३० झाले. पुन्हा गुणिले ३१, झाले २३,२५,९३०. त्यात 'ग' मिळवला की २३,२८,२५७. मी हे वहीच्या मागच्या पानावर करून पाहिलं. भाचीनं मग नवं जग उघडून 'नाग'ऐवजी थेट २३२८२५७ टाकलं, तर तोच दोन शेंड्यांचा डोंगर पुढ्यात उभा!

या आकड्याला खेळणारे 'सीड' म्हणतात, म्हणजे बी. शब्द चांगला आहे. बियाणं सारखं असेल तर झाड सारखं येतं, आणि एक अक्षर बदललं की सगळंच बदलतं. 'नागपूर' टाइप केलं तर कुठे समुद्र, कुठे वाळवंट. 'नाग'शी त्याचं काही नातं नाही. शब्द टाकून जास्तीत जास्त सुमारे ४२९ कोटी वेगवेगळी जगं मिळू शकतात. थेट आकडा टाकला तर शक्यता १८ वर १८ शून्यं इतक्या होतात.

एवढं मोठं जग लॅपटॉपमध्ये मावतं कसं?

माइनक्राफ्टचं जग एका बाजूला सुमारे ६ कोटी ठोकळे लांब असतं, म्हणजे ६०,००० किलोमीटर. रुंदीही तेवढीच. पृथ्वीच्या सगळ्या पृष्ठभागाच्या, समुद्र धरून, सातपट जागा झाली ही. मुलाच्या लॅपटॉपमध्ये ही जागा कुठून आली, हा माझा पहिला प्रश्न होता.

उत्तर असं, की ती जागा तिथं नसतेच. घरातलं पंचांग आठवा. पुढच्या पन्नास वर्षांच्या तिथ्या कुठल्या कपाटात लिहून ठेवलेल्या नसतात. गणित ठाऊक असतं. तुम्ही दिवस सांगा, पंचांगकर्ता तिथी काढून देतो. दोन गावांतले दोन पंचांगकर्ते एकाच पद्धतीनं बसले तर तिथी एकच येणार, त्यासाठी त्यांनी एकमेकांना फोन करायची गरज नाही. भाचीच्या लॅपटॉपनं आणि अमरावतीच्या लॅपटॉपनं तेच केलं.

खेळ हे गणित तुकड्यातुकड्यानं करतो. एक तुकडा १६ बाय १६ ठोकळ्यांचा असतो, त्याला 'चंक' म्हणतात. उंचीला तो पातळी उणे ६४ पासून ३२० पर्यंत, म्हणजे ३८४ ठोकळे. एकूण ९८,३०४ जागा. तुम्ही चालत गेलात की पुढचे चंक त्या क्षणी तयार होतात आणि तयार झालेलेच तेवढे डिस्कवर साठवले जातात. ज्या बाजूला कोणी गेलंच नाही तिथं काही नसतं. पण गेलात तर काय असेल, हे मात्र पक्कं ठरलेलं असतं. हे वाक्य पचायला मला दोन दिवस लागले.

नुसता फासा टाकला तर डोंगर होत नाही

आता मुख्य भानगड. सीडवरून आकडे काढायचे म्हणजे फासे टाकायचे, असं मला वाटलं होतं. प्रत्येक ठोकळ्याच्या जागी फासा टाकला आणि पडेल ती उंची दिली, तर काय होईल? एका जागी ९०, शेजारी ४, त्याच्या शेजारी ५१. खिळ्यांची गादी. त्यावर बकरीसुद्धा चरणार नाही. खरी जमीन अशी नसते. इथं उंच असेल तर पावलाभर पुढेही जवळपास तेवढंच उंच असतं.

यावरचा तोडगा केन पर्लिन या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं १९८३ च्या सुमारास काढला. चित्रपटातली संगणकानं काढलेली चित्रं त्याला फार यंत्रासारखी, गुळगुळीत वाटायची. त्याची रीत १९८५ मध्ये छापून आली आणि १९९७ मध्ये त्याला त्यासाठी तांत्रिक ऑस्कर मिळालं. तिला 'पर्लिन नॉइज' म्हणतात. नॉइज म्हणजे इथं आवाज नव्हे. पुढे काय येईल ते सांगता येणार नाही, पण कुठे तुटणारही नाहीत, असे चढउतार.

ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. अंगणात समान अंतरावर ठिपके मांडले. प्रत्येक ठिपक्यावर एक छोटा बाण काढला. तो कुठल्या दिशेला, हे सीड आणि ठिपक्याची जागा मिळून ठरवतात. बाणाच्या दिशेनं निघालं की चढ, उलट निघालं की उतार. आता ठिपक्यांच्या मधली कुठलीही जागा घ्या. भोवतीच्या चारही बाणांचं म्हणणं ऐकायचं, जो जवळ त्याचं जास्त, जो लांब त्याचं कमी. अशी जी उंची निघते ती एका ठिपक्याकडून दुसऱ्याकडे लाटेसारखी सरकत जाते. कुठे खाच नाही, कुठे भिंत नाही. फासा टाकला तो फक्त ठिपक्यावर. मधली रेघ हातानं ओढल्यासारखी सलग.

एका लाटेनं भागत नाही. फार मऊ टेकड्या होतात, सगळीकडे एकसारख्या. म्हणून जवळ-लांब ठिपक्यांच्या अशा अनेक रांगोळ्या एकावर एक टाकतात. पलंगावर माणूस झोपलंय, वर गोधडी आहे: माणसाच्या अंगाचा मोठा उंचवटा, गोधडीच्या सुरकुत्या, आणि हात फिरवला तर लागणारे टाके. डोंगर, त्याचे सुळके आणि पायाखालचा खडबडीतपणा असे वेगवेगळ्या लाटांतून येतात आणि सगळ्यांची बेरीज होते.

३० नोव्हेंबर २०२१ ला आलेल्या १.१८ आवृत्तीत मोजांगनं ही पद्धत पार नव्यानं मांडली. आता जमिनीचा आकार मुख्यत: तीन अदृश्य नकाशांवरून ठरतो: समुद्रापासून किती आत, किती झीज, आणि शिखर की दरी. त्यांना तापमान आणि ओलावा असे आणखी दोन नकाशे जोडले की तिथं वाळवंट, जंगल की बर्फ, म्हणजे प्रदेशाचा प्रकार ठरतो. पोरं त्याला 'बायोम' म्हणतात. तापमानाचा नकाशाही सलग लाटांचाच असल्यामुळे बर्फाला खेटून वाळवंट आता सहसा येत नाही.

यातला दुसरा नकाशा माझ्या डोक्यात अडकून बसला. त्याचं नाव झीज, आणि झिजलं काहीच नाही. पाऊस पडला नाही, वारा वाहिला नाही. तो नुसता एक आकडा आहे. जास्त असला की जमीन सपाट करा, कमी असला की डोंगर ठेवा.

गुहा म्हणजे दगडातली पोकळी

गुहांसाठी हीच रांगोळी खोलीतही मांडतात, म्हणजे ठिपके जमिनीवर आणि जमिनीखालीही. प्रत्येक ठोकळ्याला एक आकडा मिळतो. एका प्रकारात, आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तिथला दगड काढून टाका. यातून मोठमोठी दालनं होतात, त्यांचं नाव 'चीज'. दुसऱ्या प्रकारात आकडा शून्याच्या अगदी जवळ असेल तिथंच पोखरायचं, म्हणजे लांब, वळणावळणाचे बोगदे मिळतात. ते 'स्पगेटी', आणि त्याहून बारीक ते 'नूडल'. हे काम करणारे लोक नागपुरात बसले असते तर शेव, बारीक शेव आणि पापडी अशी नावं पडली असती.

क्रम मात्र घर बांधण्यासारखा आहे. आधी गावं-किल्ल्यांच्या जागांची आखणी आणि बायोम, मग दगडाचा आकार, मग वरचा गवत-वाळूचा थर, मग आणखी काही घळी कोरायच्या, आणि सगळ्यात शेवटी झाडं, खनिजं, छोटी तळी. प्लास्टरच्या आधी कोणी रंग देत नाही.

गावांची रीत तर आपल्या ओळखीची निघाली. जगाचे ३४ बाय ३४ चंकचे, म्हणजे ५४४ ठोकळे लांब-रुंद, चौकोनी तालुके पाडतात. प्रत्येक तालुक्यात सीडवरून गावासाठी एकच जागा उमेदवार म्हणून उभी राहते. मग छाननी. जागा माळरान, वाळवंट किंवा अशाच चालणाऱ्या बायोममध्ये पडली तर गाव बसतं. समुद्रात पडली तर अर्ज बाद, आणि त्या तालुक्याला गावच नाही.

आमच्या धंद्यातल्या माणसाची तक्रार

भाचीनं मला मोठ्या कौतुकानं कोळसा दाखवला. डोंगराच्या कड्यावर, करड्या दगडात, दहा-पंधरा काळे ठोकळे. मी म्हटलं, "हा कोळसा इथं आला कुठून? थर कुठाय? वाळूचा खडक कुठाय?" ती म्हणाली, "मामा, कोळसा असाच असते."

आमच्याकडे तो असा नसतो. कामठी-उमरेडचा कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या दलदलीतला. झाडं पडली, गाळ साचला, दबला. म्हणून तो चादरीसारख्या थरात मिळतो आणि वर-खाली वाळूचा खडक, शेल असतो. एका बोअरहोलात थर लागला की शेजारच्या बोअरहोलात तो कुठे लागेल याचा अंदाज बांधता येतो. खेळात प्रत्येक खनिजाचे पुंजके ठरावीक उंचीच्या पट्ट्यात टाकतात. कोळसा ९६ पातळीच्या आसपास सर्वात दाट, म्हणजे ६३ या समुद्रसपाटीच्याही वर. हिरे १६ च्या खाली, आणि तळाकडे जावं तसे वाढत जाणारे. शेजारच्या दगडाशी त्यांचं नातं फारसं नसतं.

नद्यांचं तर विचारूच नका. आपली नाग नदी वाडीजवळच्या लावा गावाकडच्या टेकड्यांतून निघते, अंबाझरीतून शहरात शिरते आणि पुढे कन्हानकडे जाते. पाणी वरून खाली वाहतं म्हणून ती नदी आहे. (लावा हे गावाचं नाव. भाचीला ते ऐकून फार हसू आलं.) सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नदीनं काठच्या वस्त्यांत शिरून दाखवलं. माइनक्राफ्टच्या नदीला उगम नसतो आणि उतारही नसतो. आधी सांगितलेल्या नकाशांपैकी एकात आकडा शून्याजवळ आला की तिथं दरी होते आणि दरीत समुद्राच्याच पातळीचं पाणी भरलेलं दिसतं. कितीही पाऊस पडला तरी तिला पूर येणार नाही.

पण एका ठिकाणी मी टोपी काढली. खोल खणताना भाचीला एक गोल काळपट कवच लागलं. फोडलं तर आत पांढरा थर, आणि त्याच्या आत जांभळ्या स्फटिकांची खोली. बाहेर गुळगुळीत बेसॉल्ट, मग कॅल्साइट, मग ॲमेथिस्ट. हे मी हातात धरलेलं आहे! सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती बेसॉल्टचीच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याची. त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि पोकळीच्या भिंतींवर थरावर थर स्फटिक वाढले. जळगाव, संभाजीनगरकडच्या खाणींतून असे दगड निघतात. हा ठोकळा रचणाऱ्यानं भूशास्त्राचं पुस्तक नक्की उघडलं होतं. खेळात मात्र तो सरासरी २४ चंकमागे एकदा टाकला जातो, बुडबुडा-झिरपणी काही नाही.

म्हणजे हे एआय आहे का?

शेजाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला. नाही. यात काही शिकत नाही, कसली चित्रं पाहून नक्कल करत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं गुणाकार-बेरजेचं गणित आहे, फक्त फार वेळा केलेलं.

सगळं खरंच इतकं ठरलेलं असतं का?

इतकं, की उलटं गणितही करता येतं. खेळाच्या मेनूत वर्षानुवर्षं एक नखाएवढं चित्र दिसायचं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं: थोडी जमीन, थोडी झाडं, वर ढग. ते कुठल्या जगात काढलं हे ठाऊक नव्हतं. हौशी मंडळींनी झाडांच्या जागा आणि ढग मोजून, जगभरचे संगणक कामाला लावून सप्टेंबर २०२० मध्ये त्याचा सीड शोधला: ३२५७८४०३८८५०४९५३७८७. गवतावरून बी ओळखायचं, तेही धुरकट फोटोतून.

गणिताचं गणितपण उघडं पडतं ते ते मोडतं तेव्हा. सुरुवातीच्या आवृत्त्यांत मध्यापासून १,२५,५०,८२१ ठोकळे चालत गेलं की जमीन अचानक वेडीवाकडी व्हायची, आकाशाला भिडलेल्या जाळीदार भिंती. आतले आकडे इतके मोठे व्हायचे की संगणकानं त्यासाठी ठेवलेल्या डब्यात ते मावत नसत. खेळणाऱ्यांनी त्या प्रदेशाला 'फार लँड्स' नाव दिलं, काही जण तर मुद्दाम तिकडे चालत निघाले. सप्टेंबर २०११ मध्ये ती चूक दुरुस्त झाली. मला वाटतं, ठेवायला हवी होती.

मग भाच्याच्या जुन्या जगात ती भिंत का आहे?

अमरावतीच्या भाच्याकडे त्याच्या मोठ्या भावानं सुरू केलेलं जुनं जग आहे. त्यात एका जागी बर्फाळ मैदान बर्फीच्या वडीसारखं सरळ रेषेत कापलेलं आहे आणि पलीकडे एकदम जंगल. घरात सगळ्यांना ती फाईल बिघडल्याची खूण वाटायची. कारण साधं आहे. दोन पंचांगांत पद्धत वेगळी असेल तर एखादी तिथी पुढेमागे होते, तसं आवृत्ती बदलली की गणित बदलतं. ऑक्टोबर २०१३ च्या १.७ आवृत्तीनं बायोमची मांडणी पुष्कळच बदलली. आधी फिरलेले चंक डिस्कवर जुन्या गणिताचे राहिले, पुढचे नव्या गणितानं झाले, आणि दोन्ही जिथं भेटले तिथं भिंत. १.१८ पासून खेळ असा सांधा गिलावा केल्यासारखा मिसळून घेतो, पण आधी पडलेल्या भिंती तशाच राहतात. तेव्हा अमरावतीला 'तोच सीड' टाकूनही वेगळा डोंगर दिसला, तर आधी दोन्हीकडची आवृत्ती एकच आहे का ते पाहा.

हे सगळं कळल्यावर मीही एकदा हिरे काढायला बसलो. भाचीनं मला लोखंडी कुदळ दिली. मी आयुष्यभर जे केलं तेच केलं: गावाच्या विहिरीपासून बारा ठोकळे पूर्वेला जागा धरली आणि सरळ खाली बोअरहोल घातलं. कागदावर नोंदही ठेवत होतो. शून्याखाली गर्द करडा दगड लागला, उणे ४० ला लाल रेडस्टोन. भाची स्वयंपाकघरातून ओरडली, "सरळ खाली खोदत नसतात मामा!" तेवढ्यात पायाखालचा ठोकळा निघाला आणि मी एका मोठ्या गुहेच्या छतातून थेट लाव्ह्याच्या तळ्यात.

तिनं माझ्या कागदावर उणे ५४ समोर लिहिलं, 'मामा गेले', आणि फोन लावून अमरावतीला सांगितलं: विहिरीपासून पूर्वेला बारा, खाली लाव्हा आहे, जिन्यानं जा, पाण्याची बादली ने. तो वीस मिनिटांनी परत बोलला. गुहा तिथंच होती, तळं तिथंच होतं, आणि तळ्याच्या काठाला पाच हिरे.